साठच्या पुढे थरथरणारं स्टिअरिंग

गुरुवार होता, दिवेलागणीची वेळ. रक्कम एक हजार एक रुपये. हजर माणसं चार: विसार देणारे पडघ्याचे शेलार, तो घेणारे माझे बाबा, चहा घेऊन आलेली आत्या आणि दाराला टेकून उभी असलेली मी. आई हजर नव्हती. ती शेअर रिक्षाने काल्हेरला गेली होती, तिथल्या एका गोदामाच्या ऑफिसात सोमवारपासून रोज तीस डबे पोचवायचं पक्कं करायला. ज्या गाडीतून ते डबे जायचे होते, तिचाच विसार बाबांनी घेतला. रविवारी दुपारी शेलार उरलेले पैसे घेऊन येणार आणि गाडी नेणार, असं ठरलं. व्यवहारात लपवाछपवी नव्हती. चालवताना स्टिअरिंग थरथरतं, निदान आमच्या घरातून तशी तक्रार आहे, हे बाबांनी शेलारांना स्पष्ट सांगितलं होतं आणि त्यासाठी किंमत कमी लावली होती. लपवलं होतं ते फक्त आईपासून, आणि तेही फार वेळ टिकलं नाही, कारण ती दारात आल्यावर चपला काढायच्या आत आत्याने तिला सगळं सांगून टाकलं.

आम्ही तेव्हा नारपोलीत राहायचो. दोन खोल्या, पुढे फरशीचं अंगण आणि मागच्या भिंतीला भिंत लावून लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, कारखाना. खटक-खटक, खटक-खटक, दिवसपाळी आणि रातपाळी. बाहेरचा माणूस घरात आला की ओरडून बोलायचा. आम्ही मात्र साध्या आवाजात बोलायचो आणि एकमेकांचे ओठ बघायचो. ती सवय अजून गेलेली नाही. लग्नानंतर माझ्या सासूबाईंना बरेच दिवस वाटत होतं की मी त्यांचे दात मोजतेय. हवेत कायम रुईची लव असायची. ती डाळीत पडे, केसांत बसे, वाळत घातलेल्या कपड्यांवर चढे. यंत्राच्या तेलाचा वास आणि आत्याच्या वालाच्या बिरड्याचा वास एकमेकांत असे मिसळलेले असत की आजही एखाद्या वर्कशॉपमध्ये गेले की मला भूक लागते. शुक्रवारी लूमला सुट्टी. त्या दिवशी कान उघडल्यासारखे व्हायचे. नळाचं पाणी पडतं कसं, कांदा तेलात पडल्यावर काय म्हणतो, हे आम्हाला आठवड्यातून एकदाच कळायचं.

बाबा त्याच कारखान्याच्या शेठकडे मेहताजी होते, म्हणजे सगळा हिशेब त्यांच्या हाती. आत्या त्यांची थोरली बहीण, खाडीकाठच्या गावातून आमच्याकडे राहायला आलेली. स्वयंपाकघर तिचं राज्य. डब्यांची कल्पना मूळची आईची, पण तिखटमीठ आत्याचं. शेठने नवी गाडी घेतली तेव्हा जुनी, फिकट निळ्या रंगाची, बाबांना स्वस्तात दिली. मग आई आणि बाबा दोघांनी एकाच मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये नाव घातलं. आई पहिल्या परीक्षेत पास झाली, बाबा दुसऱ्यात. बाबांचं म्हणणं, गाडीला गिअर कितीही असोत, शहाण्या माणसाला तीन पुरतात. काटा चाळीसकडे सरकायला लागला की ते गाडीशी बोलायला लागत, "हां, हां, पुरे आता," असं, अवखळ वासराशी बोलावं तसं. आईचं उलट. तिला मोकळा रस्ता दिसला की तिच्या चेहऱ्यावर असं काही यायचं जे घरात मी कधी पाहिलं नव्हतं. डब्यांचं घाटत होतं तेव्हापासून ती शुक्रवार सोडून रोज सकाळी सहाला गाडी काढून अंजूरफाट्यावरून राहनाळ, काल्हेर करत कशेळीच्या पुलापर्यंत जाऊन यायची. आता त्या रस्त्यावर मेट्रोचे खांब आणि कंटेनरच्या रांगा आहेत. सकाळी सहाला तिथे साठचा वेग पकडता यायचा हे माझ्या मुलाला सांगितलं तर तो नम्रपणे विषय बदलतो.

आई परत आली की आत्या बादली घेऊन अंगणात उभी असायची. लांबून आलेल्याच्या पायावर पाणी घालायचं, ही तिच्या गावची रीत. माणूस असो की बैल. आईच्या पायावर घालायचं तर आई लगेच आत पळायची, तिला कुकर लावायचा असे. मग आत्या ते पाणी गाडीला घालायची, पुढच्या दोन चाकांवर अर्धी अर्धी बादली.

"बैल लांबनं आला तं पायावं पानी घालतो का न्हाय?" ती म्हणायची. "ही तं खाडी बघून आली."

"आणि मागच्या चाकांना?" मी एकदा विचारलं.

"मागची नुसती मागं येतात. वढतात ती पुढची."

हे तांत्रिकदृष्ट्या बरोबर होतं, त्या गाडीची पुढचीच चाकं ओढायची. बाबा बाजारातून गाडी घेऊन आले तर मात्र पाणी नसायचं. "तू अंजूरफाट्याला जाऊन आलास," आत्या म्हणायची, "त्याला कसलं पानी." बाबा हसायचे, पण त्यांना ते थोडं लागत असावं.

थरथर सुरू झाली ती याच सकाळच्या फेऱ्यांत. आईने आधी सांगितलंच नाही, कारण तिला माहीत होतं की सांगितलं की फेऱ्या बंद होतील. मग एका सकाळी पूर्णा गावाजवळ पुढचा कंटेनर अचानक थांबला. मी शेजारी बसले होते. आईने पासष्टच्या वेगातून ब्रेक दाबला आणि स्टिअरिंग तिच्या हातांत असं काही थडथडायला लागलं की बांगड्या वाजल्या. गाडी थांबली, कंटेनरच्या मागच्या पाटीवरची अक्षरं वाचता येतील इतक्या जवळ. मागच्या सीटवरच्या पिशवीतले बटाटे पुढे येऊन माझ्या पायाशी पडले होते. घरी आल्यावर ते मीच सांगून बसले. त्यानंतर बाबा दोनदा गाडी घेऊन गफूरभाईंच्या गॅरेजला गेले. गफूरभाई कोकणी मुसलमान, तीन पिढ्या भिवंडीतले, बोलायला बसले की पाना खाली ठेवायचे आणि पाना उचलला तरी बोलणं थांबायचं नाही. त्यांनी एकदा चाकांचं बॅलन्सिंग करून दिलं, एकदा अलाइनमेंट. दोन्ही वेळा गॅरेजच्या गल्लीत फेरी मारून पाहिली, गाडी लोण्यासारखी. आईने चालवली की पुन्हा थरथर. मग बाबांनी निष्कर्ष काढला, आणि शेलारांना निरोप धाडला.

त्या गुरुवारी जेवायला बसल्यावर आईने आवाज चढवला नाही. तिने आधी बाबांना आमटी वाढली.

"गफूरभाईंना तुम्ही काय सांगितलंत?"

"स्टिअरिंग हलतं म्हणून."

"कधी हलतं?"

"तू चालवतेस तेव्हा."

आत्याने घास हातात धरून ठेवला. मी ताटात बघत राहिले. आई म्हणाली, "आणि ब्रेकचं?"

"ब्रेकचं काय?"

"ब्रेक दाबल्यावरच हलतं. एरवी नाही. हे सांगितलंत?"

बाबांनी आमटीची वाटी पुढे ओढली. ते हिशेबात कधी चुकत नसत, त्यामुळे चुकलं की ते त्यांच्या चेहऱ्यावर लगेच दिसायचं. "मला कधी हललेलं जाणवलं नाही," ते म्हणाले. "जे मला जाणवलंच नाही ते मी कसं सांगणार? मी तुझ्या जिवासाठी गाडी विकतोय, सुमन. उद्या रस्त्यात तुझे हात घाबरले तर..."

"हात माझे नाही घाबरले कधी. रविवार दुपारपर्यंत गाडी आपलीच आहे ना?"

"आहे."

"मग उद्या मी नेते. गफूरभाईंशी मी बोलते."

हे वाचायला साधं वाटेल. पण आमच्या त्या गल्लीत गाडी गॅरेजला न्यायची ती पुरुषाने, आणि तिचं दुखणंखुपणं सांगायचं तेही पुरुषाने, मग गाडी कुणीही चालवत असो. या रिवाजाने आमचे कितीतरी दिवस वाया घालवले होते.

शुक्रवारी दुपारी नमाज आटोपून गफूरभाई गॅरेजला आले तेव्हा आई गाडीत बसून वाट बघत होती आणि मी मागे. तिने सगळं सांगितलं: सरळ रस्त्याला काही नाही, वळणावर काही नाही, चाळीसच्या खाली ब्रेक दाबला तरी काही नाही; साठच्या पुढे दाबला की थरथर, आणि जितका जोरात दाबावा तितकी जास्त. गफूरभाईंनी कपाळावर हात मारला.

"मेहताजी बोलले हलतं. ब्रेकवर हलतं हे बोललेच नाहीत. भाभी, पेशंट घरी आणि नवरा दवाखान्यात, असं झालं हे. मी बिचारा नवऱ्याला औषध देत बसलो."

"आता पेशंट आलीय."

"चला मग, नाडी बघू."

आम्ही नाशिक हायवेला लागलो. आई चालवत होती, गफूरभाई शेजारी, गुडघ्यांवर हात घट्ट ठेवून. मी मागून काटा बघून आकडे मोठ्याने वाचत होते, ते काम त्यांनीच मला दिलं होतं. पासष्टला स्टिअरिंग शांत. गफूरभाई म्हणाले, "हे चाकाचं असतं तर आत्ताच हललं असतं. आता ब्रेक." आईने ब्रेक दाबला. बांगड्या वाजायला लागल्या. "बस बस बस, सोडा," ते म्हणाले, "कळलं, देवाशप्पथ कळलं." मग त्यांनी दुसरी युक्ती केली. पुन्हा वेग घेतल्यावर पायाचा ब्रेक न दाबता त्यांनी स्वतः हँडब्रेक हळूहळू ओढला, बटण अंगठ्याने दाबूनच. हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना लागतो. गाडी मंदावली, स्टिअरिंग जागच्या जागी. "मागचं खातं साफ," ते म्हणाले. "चोर पुढे बसलाय."

गॅरेजमध्ये त्यांनी पुढची चाकं काढून मला दाखवलं, कारण मी सारखी मध्ये डोकं घालत होते. चाकाच्या मागे लोखंडाची एक तबकडी असते, डिस्क. ब्रेक दाबला की दोन बाजूंनी दोन पॅड तिला चिमटीत धरतात. तबकडी सपाट असली तर चिमटी शांत बसते. ती किंचित जरी वाकडी झाली, तर फिरताना पॅडना ढकलत राहते, आणि तो धक्का सरळ चालवणाऱ्याच्या हातांत येतो. वेग जास्त, धक्के जास्त. शेजारी त्यांच्या साडूचं लेथ होतं, लूमचे शाफ्ट सरळ करण्याचं काम करणारं. तिथून त्यांनी एक डायल गेज आणलं. त्याचं टोक डिस्कला टेकवलं आणि डिस्क हाताने फिरवली. काटा इकडून तिकडे डोलायला लागला. डावी पंधरा, उजवी अकरा, मिलीमीटरचे शंभर भाग केले तर त्यातले. पाचाच्या वर गेलं की हातांना कळायला लागतं, ते म्हणाले. डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं. मला त्या काट्याचा इतका आनंद झाला की सांगता येत नाही. इतके दिवस ज्या गोष्टीला आईचा हात, आईची भीती, आईची घाई अशी नावं दिली जात होती, तिला एक आकडा होता. मी पुढे आयुष्यभर मालवाहतुकीच्या कंपनीत खर्चाचे हिशेब तपासले. त्या कामाची गोडी मला कुठे लागली असं कुणी विचारलं तर मी त्या गॅरेजचं नाव सांगते.

शुक्रवार म्हणजे लूम बंद, म्हणून दुरुस्तीला शाफ्ट आलेले, लेथवर गर्दी. तरी साडूंनी आमच्या डिस्क मध्ये घेतल्या आणि दोन्ही बाजूंनी सारख्या तासून दिल्या. गफूरभाईंनी डिस्क बसते त्या जागेवरचा गंज आणि तेलात भिजून घट्ट झालेली रुई पत्र्याने खरवडून काढली. चाकाचे नट समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळले, एकाच बाजूने कचकचून नाही. संध्याकाळी आम्ही पुन्हा हायवेवर. पासष्टवरून ब्रेक: काही नाही. सत्तरवरून: काही नाही. गफूरभाईंना गॅरेजला सोडलं आणि आई माझ्याकडे बघून म्हणाली, "अजून एकदा?" ते ‘अजून एकदा’ पुष्कळ वेळा झालं. वेग घ्यायचा, ब्रेक दाबायचा, हसायचं, परत वेग घ्यायचा. मग तशीच सरळ घरी.

आत्या बादली घेऊन उभी होतीच. गल्ली शुक्रवारची, शांत. आत्याने पाणी ओतलं आणि चाकातून चर्रर्र असा आवाज आला, फोडणी पडल्यासारखा. वाफ वर आली. "बघ," आत्या समाधानाने म्हणाली, "कशी तहानली व्हती." आम्ही तिघी हसत आत गेलो. कोलंबीचं कालवण होतं.

शनिवारी सकाळी आईने रिकामे डबे मागे ठेवून काल्हेरची तालीम करायची ठरवली. राहनाळच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला, तिने वेग घेतला, ब्रेक दाबला आणि डबे आणि बांगड्या एकदमच वाजले. तिने गाडी वळवली आणि तीसच्या वेगाने, बाबांसारखी, घरी आणली. बाबा कामावर निघाले होते. त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि "बघ, सांगत होतो" असं म्हटलं नाही. ते म्हणाले, "राहू दे, सुमन. डबे रिक्षाने पाठवू." तीस डब्यांना रिक्षाचं भाडं काय पडतं आणि मग हातात काय उरतं, हे त्या घरात सगळ्यांना तोंडपाठ होतं. काहीच उरत नव्हतं.

दुपारी आम्ही तिघी स्वयंपाकघरात होतो. आत्या तांदळाच्या भाकऱ्या करत होती, आई वाटण वाटत होती. शेवटची भाकरी उतरल्यावर तवा लवकर घासायला मिळावा म्हणून मी तांब्यातलं पाणी घेऊन तापल्या तव्यावर ओतायला गेले. आत्याने माझं मनगट धरलं.

"पोरी, अक्कल हाय का न्हाय? तापल्या तव्यावं पानी वतते? लोखंडाचा हाय तो. एका बाजूनं थंड झाला का वाकडा व्हतो. मंग त्याच्यावं भाकर डुगडुगते जन्मभर. तुझ्या आजोलच्या मामीनं असाच एक..."

आईचा वरवंटा थांबला होता. मागचे लूम चालू होते, पण मी आईचे ओठ वाचत होते.

"वन्सं, परत सांगा."

"काय परत सांगू? तापल्या लोखंडावं पानी..." आत्या बोलता बोलता थांबली. तिचं तोंड तसंच उघडं राहिलं. तिने तव्याकडे बघितलं, मग दारातून अंगणाकडे. काल संध्याकाळची चर्रर्र आम्हा तिघींना एकाच वेळी ऐकू आली असावी. इतके दिवस ती चाकातून रोज येत असणार. लूमच्या आवाजात कुणाला कळली नव्हती.

आत्या पाटावर बसली. "म्हंजे तुजी गाडी मी मोडली?"

आईला हसू फुटलं. आधी नाकातून, मग पदर तोंडाला लावून, मग भिंतीला टेकून. कित्येक दिवसांत ती अशी हसली नव्हती. "मोडली कुठे, वन्सं. तुम्ही तिचा पाहुणचार केलात."

"बैलाला कधी काय झालं न्हाय," आत्या घुश्शात म्हणाली.

"बैल लोखंडाचा नसतो."

"मंग आदी सांगायचा ना कुनीतरी, का लोखंडाची हाय म्हनून."

पुढच्या मिनिटाला आम्ही तिघी गाडीत होतो. आत्याने माफी मागायला म्हणून सोबत भाकऱ्या आणि सुकट घेतलं होतं, आणि गॅरेजला पोचल्यावर माफी न मागता नुसतं तेच पुढे केलं. गफूरभाईंनी सगळी हकिकत ऐकली, एक भाकरी संपवली आणि म्हणाले, "ताय, खड्ड्यात गेलेली गाडी बघितली, पुरात बुडालेली बघितली. पाहुणचाराने आजारी पडलेली ही पहिलीच." आत्या म्हणाली, "बोलू नको जास्त, खा." मग ते थोडे गंभीर झाले. डिस्क किती तासता येते याला मर्यादा असते. ती नवी दहा मिलीमीटरची, आणि आठच्या खाली गेली की भंगार. आमची वापराने आणि कालच्या तासण्याने पावणेनऊवर आली होती. आता पुन्हा सरळ करून सव्वाआठच्या खाली गेली, तर ते परत बसवणार नव्हते, आणि नव्या डिस्क घ्यायला रविवारच्या आत ना पैसे होते ना वेळ. आम्ही लेथजवळ उभ्या राहिलो. लोखंडाचा बारीक कीस पडत होता. साडूंनी मशीन थांबवलं, माप लावलं, गफूरभाईंकडे बोट केलं आणि ते माप त्यांच्या हातात दिलं. आठ पूर्णांक तीन. गेजचा काटा जवळजवळ हललाच नाही.

"बसतंय," गफूरभाई म्हणाले. "पण पुढच्या खेपेला नवीच. आणि गाडी आली की तिला हवेवर गार होऊ द्या. पाणी प्यायला फक्त रेडिएटरला."

आईने गाडी घरी नेली नाही. ती कारखान्याच्या फाटकाशी नेली, बाबांची सुटायची वेळ होती. ते बाहेर आले तशी ती उतरून शेजारच्या सीटवर जाऊन बसली. "तुम्ही चालवा," ती म्हणाली. "हायवेला."

बाबांनी विचारलं, "हायवेला कशाला?"

"साठच्या पुढे न्यायला. तुमच्या हाताने बघा. मग रविवारी काय करायचं ते करा."

मागे आत्या आणि मी. बाबांनी गाडी हायवेला आणली. मी आकडे वाचायला लागले. चाळीसला ते नेहमीसारखे गाडीशी बोलायला लागले. पन्नासला बोलणं बंद झालं. पंचावन्नला आत्याने देवाचं नाव घेतलं. "साठ," मी म्हणाले. "पासष्ट." आई शांतपणे म्हणाली, "आता दाबा." बाबांनी ब्रेक दाबला. गाडी सरळ रेषेत, नाक जरासं खाली करून मंदावली. स्टिअरिंग त्यांच्या हातांत ताटासारखं स्थिर होतं. थरथरत होते ते बाबांचे हात, आणि ते आम्ही चौघांनी पाहिलं, त्यांनी स्वतःसुद्धा.

"हं," ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "एकदा परत बघू. खात्रीसाठी." खात्री करायला त्यांना पडघ्याच्या दिशेने बराच रस्ता लागला. परत वळलो तेव्हा ते गुणगुणत होते. आईने खिडकीबाहेर तोंड केलं होतं, पण ती हसतेय हे तिच्या गालावरून मला कळत होतं.

घरी आलो. आत्या सवयीने आत जाऊन बादली घेऊन आली आणि मग गाडीकडे बघत अंगणात तशीच उभी राहिली, बादलीचं काय करावं ते न कळून. आई उतरली, चपला काढल्या आणि पाय पुढे केले. "वन्सं, माझ्या पायांवर घाला. आज मला घाई नाही." आत्याने पाणी घातलं, हाताने चोळून घातलं. मग बाबाही चपला काढून शेजारी येऊन उभे राहिले.

"तू रं कुठनं लांबनं आलास?" आत्या म्हणाली.

"साठनं आलोय, ताय."

आत्याने उरलेली सगळी बादली त्यांच्यावर रिकामी केली. पँट गुडघ्यापर्यंत भिजली. त्या रात्री आमच्याकडे बोंबील तळले होते आणि बाबांनी चार वेळा भात घेतला. पुढे आईने डब्यांचा पसारा वाढवून सहा जणींना कामावर घेतलं, तेव्हाही प्रत्येक नवीला ती पहिली ताकीद द्यायची ती तव्याची नसून गाडीच्या चाकाची.

रविवारी दुपारी शेलार आले, सोबत गाडी चालवायला भाचा. बाबांनी त्यांना आधी जेवायला बसवलं आणि मग सरळ सांगितलं: गाडी दुरुस्त झाली, घरातून विकायला मन नाही, मी शब्द मोडतोय, चूक माझी. शेलारांनी ताक संपवलं. "मेहताजी, बिघडलेली गाडी मी घेत होतो, ती बरी झाल्यावर तुम्ही देत नाही. हा कुठला व्यवहार?" पण ते रागावले नव्हते, आत्याचं बिरडं त्यांनी दोनदा मागून घेतलं होतं. बाबांनी त्यांचा विसार, जसाच्या तसा, पाकिटातून काढून समोर ठेवला. शेलारांनी तो उचलला नाही. आमच्याकडची रीत सगळ्यांनाच ठाऊक होती: विकणारा मागे फिरला तर विसार दुप्पट परत. बाबांचा हात खिशाकडे गेला.

आई म्हणाली, "थांबा. ते मी देते."

"सौदा मी केला होता," बाबा म्हणाले.

"तुम्ही केला. मोडतेय मी."

गोदामवाल्यांनी आठवड्याचे आगाऊ पैसे दिले होते, ते ती आतून घेऊन आली. शेलार म्हणाले, "वहिनी, राहू द्या, मी जेवलो ना." ती म्हणाली, "जेवण वेगळं." त्यांनी मग मोजून घेतले, भाच्याला हाक मारली आणि गाडी न्यायला आलेली माणसं एसटीनेच पडघ्याला परत गेली. एकूण दोन हजार दोन रुपये शेलारांना दिले गेले. त्यातले एक हजार एक त्यांचेच होते. उरलेले एक हजार एक माझ्या आईने दिले.